तंजावर : राजवाड्याच्या परिसरात मराठी चव कोठे मिळते?

तामिळनाडूतील तंजावर येथे जाणारा मराठी प्रवासी बहुधा एकाच क्रमाने शहर पाहतो. सकाळी बृहदीश्वराचे मंदिर आणि तेथे १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. त्यानंतर दीड-दोन किलोमीटरवरील राजवाडा, दरबार सभागृह आणि सरस्वती महाल ग्रंथालय. एवढे होईतो दुपार होते, भूक लागते आणि एक साहजिक प्रश्न मनात येतो. ज्या घराण्याने येथे पावणेदोनशेहून अधिक वर्षे राज्य केले, त्या घराण्याचे आणि त्याच्याबरोबर आलेल्या मराठी माणसांचे जेवण या शहरात आज कोठे मिळते?

रिक्षावाल्याला किंवा उपाहारगृहातील वाढप्याला हा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. 'मराठा जेवण' अशी पाटी राजवाड्याच्या आसपासच्या रस्त्यांवर प्रवाशाला सहजी आढळत नाही. परंतु म्हणून ही चव नाहीशी झाली असे समजणे चुकीचे ठरेल. ती तमिळ नावे धारण करून, तमिळ पानावर, तमिळ पदार्थांच्या पंक्तीला बसलेली आहे. तिला ओळखावयाचे असेल तर काय मागावे, कोणत्या वेळी मागावे आणि कोणत्या गोष्टीची अपेक्षा ठेवू नये, याची थोडी माहिती असणे आवश्यक आहे.

परिसराची ओळख

तंजावर हे तिरुचिरापल्लीपासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या खोऱ्यात वसलेले शहर आहे. रेल्वे स्थानक शहराच्या दक्षिण भागात आहे. स्थानकापासून निघणारा गांधीजी रस्ता कल्लणै कालवा ओलांडून जुन्या बस स्थानकाकडे जातो आणि तेथून जुन्या किल्ल्याचा भाग सुरू होतो. किल्ल्याचे तट आता पुष्कळसे उरलेले नाहीत. मात्र राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथी, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर दिशांचे चार मुख्य रस्ते, अजून जुन्या नगररचनेची खूण सांगतात. राजवाड्याचे प्रवेशद्वार पूर्वेकडील रस्त्यावर आहे.

या भागातील रस्त्यांची नावे लक्षपूर्वक वाचावीत. मानोजीअप्पा वीथी, कोंडीराजपाळयम ही नावे मराठी कानाला परकी वाटत नाहीत. महार्नोंबु चावडी या भागाच्या नावात तर महानवमी आणि चावडी असे दोन्ही ओळखीचे शब्द दडलेले आहेत. उत्तरेकडील राजगोरी ही राजघराण्याची स्मशानभूमी. भोसले घराण्याचे वंशज आजही राजवाड्याच्या एका भागात राहतात. मात्र दरबाराच्या आश्रयाने वसलेली मराठी कुटुंबे पुढील पिढ्यांत शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने चेन्नई, बेंगळुरू आणि त्याहूनही दूर गेली. रस्त्यांची नावे राहिली, घरे बदलली. पदार्थांच्या बाबतीत नेमके उलट घडले : पदार्थ राहिले आणि त्यांची नावे बदलली.

मुदपाकखान्याचा इतिहास

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतले. त्यांचे पूर्वायुष्य शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीशी जोडलेले होते. ही गोष्ट भोजनाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. तंजावरला आलेले मराठी स्वयंपाकघर थेट पुण्या-साताऱ्याहून उचलून आणलेले नव्हते. ते आधीच कर्नाटकात मुरलेले होते.

अन्न हा या दरबारात अभ्यासाचाही विषय होता. एकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ रचला. धान्ये, भाज्या, दूध-दही, तयार पदार्थ आणि त्यांचे गुणदोष असा त्याचा विषय आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील संशोधक प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ आणि कर्ता यांविषयी लेखन केले असून, जिलेबीच्या इतिहासाचा मागोवा घेताना त्यांनी याच ग्रंथाचा आधार घेतला आहे. एकोजींचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या नावावर 'पंचभाषाविलास' हे पाच भाषांतील नाटक आहे. ज्या दरबारात एका रंगमंचावर पाच भाषा नांदत होत्या, तेथे एका पानात दोन-तीन प्रांत नांदले असतील तर त्यात आश्चर्य वाटू नये.

दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळातील राजवाड्याच्या पाकक्रिया 'सरभेंद्र पाकशास्त्र' या मराठी संग्रहात आढळतात. मराठी पद्धतीच्या शाकाहारी व मांसाहारी पदार्थांबरोबरच इंग्रजी पद्धतीच्या खाण्यालाही त्यात जागा मिळाली आहे. इंग्रज रेसिडेंट आणि पाहुणे यांची राजवाड्यात ये-जा असल्याने ते स्वाभाविकही होते. सरस्वती महाल ग्रंथालयाने हा संग्रह तमिळ भाषांतरासह प्रसिद्ध केला. विशेष म्हणजे, मराठी राजवाड्याच्या या पाककृती आज तमिळ वाचकाला मराठी वाचकापेक्षा अधिक परिचित आहेत.

राजवाड्याबाहेरची पंगतही विसरता येत नाही. रामेश्वराच्या वाटेवर आणि राज्यात इतरत्र तंजावरच्या राजांनी छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा बांधल्या. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र १८०२ साली सरफोजीराजांनी उभारले. यात्रेकरूंना जातीचा भेद न करता अन्न मिळावे, ही त्यामागील व्यवस्था होती. कंपनी सरकारकडे राज्याचा कारभार गेल्यानंतरही छत्रांचा खर्च चालू राहावा यासाठी सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला आग्रहाने लिहिले होते.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना निधन पावले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. दरबार संपला, तसा मुदपाकखान्याचा आश्रयही संपला. पुढील काळात ही पाकपरंपरा टिकली ती घराघरांतील स्त्रियांच्या हातांत आणि त्यांच्या तमिळ शेजारणींच्या स्वयंपाकघरांत.

सांबाराची गोष्ट आणि तिचे वजन

तंजावर आणि मराठी माणूस यांचा उल्लेख निघताच सांबाराची गोष्ट सांगितली जाते. छत्रपती संभाजीराजे आपले चुलतबंधू शहाजीराजे यांच्याकडे तंजावरला आले असता आमटीत घालावयाचे आमसूल संपले. म्हणून चिंच वापरून तुरीच्या डाळीची आमटी केली गेली आणि पाहुण्याच्या नावावरून तिला 'सांबार' हे नाव पडले, अशी ही गोष्ट आहे. वृत्तपत्रांतून, पर्यटनाच्या पुस्तिकांतून आणि उपाहारगृहांच्या भिंतींवरून ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला इतिहासाचे रूप आले आहे.

या गोष्टीला समकालीन कागदपत्राचा आधार दाखविला जात नाही. शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले आणि संभाजीराजांचा अंत १६८९ मध्ये झाला. म्हणजे ही भेट झालीच असेल तर ती या पाच वर्षांतच झाली असली पाहिजे, आणि हा काळ संभाजीराजांच्या अखंड लढायांचा आहे. दुसरी शंका स्वयंपाकघरातून येते. आमसूल ही कोकणची वस्तू आहे. देशावरील आणि कर्नाटकातील मराठी घरांत चिंच-गुळाची आमटी ही नित्याचीच होती. बेंगळुरूमार्गे आलेल्या घराण्याला चिंचेचा शोध एखाद्या दिवशी नाइलाजाने लागला, हे पटण्यासारखे नाही. सांबार हा शब्द मसाल्याच्या 'संभारा'शी, म्हणजे जमविलेल्या सामग्रीशी जोडणारा मतप्रवाह आहे आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. विदर्भात तर सांबार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडातील प्रवाशाने तंजावरात सांबार मागितले आणि समोर डाळ आली, तर त्यालाच सर्वाधिक नवल वाटेल.

तरीही ही गोष्ट पूर्णपणे टाकाऊ नाही. तंजावरच्या मराठी आणि तमिळ स्वयंपाकांनी एकमेकांकडून काहीतरी घेतले, ही लोकांच्या मनातील जाणीव तीत व्यक्त झाली आहे. मात्र त्या देवाणघेवाणीचा पुरावा सांबारापेक्षा इतर पदार्थांत अधिक स्पष्ट सापडतो.

कोणते पदार्थ ओळखावेत

सर्वांत निर्विवाद उदाहरण 'डांगर पच्चडी' हे आहे. उडदाचे भाजलेले पीठ दह्यात कालवून, मीठ-हिंग घालून, वर मोहरी व मिरचीची फोडणी दिली की ही पच्चडी तयार होते. महाराष्ट्रात उडदाच्या पिठाचे डांगर ज्यांनी खाल्ले आहे, त्यांना दुसऱ्या पुराव्याची गरज भासणार नाही. नाव तेच, पीठ तेच, दही तेच. कांद्याचा वापर तेवढा घराप्रमाणे बदलतो. तंजावर जिल्ह्यातील तमिळ ब्राह्मण घरांत हा पदार्थ आजही होतो. तो करणाऱ्या अनेकांना 'डांगर' हा शब्द तमिळ नाही, एवढेच ठाऊक असते.

'रसवांगी' हा दुसरा पदार्थ. नावातच वांगी आहे. तमिळमध्ये वांग्याला कत्तरिक्काय म्हणतात, म्हणून हे नाव कोठून आले याविषयी शंका राहत नाही. लहान वांगी चिंचेच्या कोळात शिजवून त्यांत शिजलेली तुरीची डाळ आणि भाजून वाटलेला मसाला घालतात. धणे, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या आणि ओले खोबरे हे त्या मसाल्याचे मुख्य घटक. रसवांगी सांबारापेक्षा दाट असते आणि गरम भातावर तूप घालून खाल्ली जाते.

'पिट्लै' या पदार्थाबाबत मात्र मराठी प्रवाशाची हमखास निराशा होते. नावावरून तो बेसनाच्या पिठल्याची वाट पाहतो. प्रत्यक्षात कारले किंवा वांगे, तुरीची डाळ, चिंच आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण यांचा दाट, किंचित कडसर पदार्थ समोर येतो. नाव पिठल्याचेच असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पण पीठ वाटेत कोठे गळून पडले हे सांगणे कठीण आहे. पिठल्याशी तुलना न करता खाल्ला, तर कारल्याचे पिट्लै हा तंजावरच्या पानातील अत्यंत सुरेख पदार्थ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'कोसुमल्ली' म्हणजे भिजविलेली मूगडाळ, काकडी किंवा गाजर, लिंबू आणि फोडणी. कोशिंबिरीशी तिचे नाते उघड आहे. परंतु कर्नाटकातील कोसंबरीही तशीच असते. 'पोळी' (तमिळ उच्चार बोळी) ही पुरणाची असते, तशीच खोबऱ्याचीही असते आणि तिचे कर्नाटकातील भावंड म्हणजे होळिगे. या दोन पदार्थांवर केवळ तंजावरच्या मराठ्यांचा हक्क सांगणे घाईचे होईल. ते दख्खनचे सामाईक धन आहे आणि एकाहून अधिक वाटांनी कावेरीकाठी पोचलेले असू शकते.

गोडाधोडात 'सोज्जी' हा शब्द लक्षात ठेवावा. रव्याचा शिरा म्हणजे सोज्जी, आणि तो सारण म्हणून भरला की सोज्जी अप्पम, म्हणजे आपली सांज्याची पोळी किंवा सांजोरी. तमिळ ब्राह्मण घरांत मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमाला सोज्जी-बज्जी देण्याची जुनी रीत आहे. बज्जी म्हणजे भजी. आपल्याकडे ज्या प्रसंगाला कांदेपोहे म्हणतात, त्याच प्रसंगाला तेथे हे दोन पदार्थ चिकटले आहेत.

मांसाहारी पदार्थांबाबत थोडक्यातच सांगावे लागेल. राजवाड्याच्या पाकसंग्रहात ते आहेत आणि मराठा कुटुंबांत त्यांची परंपरा आहे. पण शहरातील सर्वसामान्य मांसाहारी उपाहारगृहांत मिळते ती बिर्याणी आणि चेट्टिनाड पद्धतीचे पदार्थ. त्यांचा राजवाड्याशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा.

प्रत्यक्ष शोध : काय मागावे, केव्हा मागावे

पहिली गोष्ट वेळेची. तंजावरच्या शाकाहारी उपाहारगृहांत दिवसाचे तीन भाग स्पष्ट असतात. सकाळी इडली, पोंगल, वडे. दुपारी साधारणपणे बारा ते तीन केळीच्या पानावरील जेवण. चारनंतर पुन्हा डोसा, बज्जी असा फराळ. रात्री पानावरचे पूर्ण जेवण सर्वत्र मिळेलच असे नाही. ज्याला मराठी धागा शोधावयाचा आहे, त्याने दुपारचे जेवण चुकवू नये. राजवाडा पाहून तीन वाजता बाहेर पडणारा प्रवासी शोधाची निम्मी संधी गमावून बसतो.

दुसरी गोष्ट जागेची. गांधीजी रस्ता, जुन्या बस स्थानकाचा परिसर आणि दक्षिण मुख्य रस्ता येथे लहानमोठी उपाहारगृहे व खानावळी आहेत. तमिळमध्ये खानावळीला 'मेस' हाच शब्द रूढ आहे. खानावळीची पारख करण्यास नावापेक्षा गर्दी पाहावी. दुपारी एकच्या सुमारास कचेरीतील नोकरदार आणि दुकानदार जेथे रांग लावतात, तेथे भात ताजा असतो आणि भाज्या रोज बदलतात. खोऱ्यातील माणूस भाताबाबत फार चोखंदळ असतो. वाईट भात देणारी खानावळ या शहरात फार काळ चालत नाही.

पानावरचा क्रम मराठी माणसाला अर्धा ओळखीचा वाटतो. प्रथम भातावर साधे वरण आणि तूप, मग सांबार किंवा चिंचेचे कुळंबु, त्यानंतर रसम, शेवटी ताक किंवा दही. पायसम कोठे आरंभी, तर कोठे अखेरीस वाढतात. वरण-भात-तुपाने आरंभ करण्याची रीत आपल्या पंगतीतीलही आहे. सांबाराची परीक्षा करताना डाळ आणि चिंच यांचा तोल, हिंगाचा वास आणि लहान कांद्यांचा गोडवा पाहावा. सकाळच्या इडलीबरोबरचे पातळ सांबार आणि दुपारच्या भातावरचे दाट सांबार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकावरून दुसऱ्याबद्दल मत बनवू नये.

तिसरी गोष्ट मागण्याची. 'मराठा थाळी आहे का?' असे विचारू नये. 'आज कोसुमल्ली आहे का? रसवांगी होते का? पिट्लै कोणत्या दिवशी करता?' असे विचारावे. कोसुमल्ली बहुधा सणाच्या किंवा विशेष जेवणाच्या पानावर असते. रसवांगी आणि पिट्लै हे मुख्यत्वे घरचे आणि लग्नकार्यातील पदार्थ आहेत. नित्याच्या खानावळीत ते क्वचितच दिसतात. लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना हे पदार्थ उत्तम येतात. दहा-पंधरा जणांचा गट असेल, तर एक दिवस आधी सांगून खानावळीत किंवा आचाऱ्याकडून ते करवून घेणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

शहरातील वारसा वास्तूंत चालणाऱ्या हॉटेलांपैकी महार्नोंबु चावडी भागातील 'स्वात्मा' हे शाकाहारी भोजनासाठी ओळखले जाते. जुन्या वास्तूचा जीर्णोद्धार करून ते उभारलेले आहे. अशा ठिकाणी खर्च अधिक येतो, पण आगाऊ सांगितल्यास जुन्या पदार्थांविषयी बोलण्यास कोणीतरी वेळ देण्याची शक्यता अधिक असते. मोठ्या हॉटेलांतून अधूनमधून होणाऱ्या 'राजेशाही' मेजवान्यांबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी. पदार्थांच्या यादीत पनीर आणि काजूची दाट रस्साभाजी दिसली, तर तिचा सरफोजीराजांच्या मुदपाकखान्याशी संबंध नाही, हे निःशंकपणे समजावे.

गोड खाणाऱ्यांसाठी 'बॉम्बे स्वीट्स' हे शहरातील जुने आणि गजबजलेले दुकान आहे. नावावरून तेथे श्रीखंड-बासुंदीची आशा धरू नये. दुकानाची परंपरा उत्तरेकडील मिठाईची आहे. तेथील 'चंद्रकला' प्रसिद्ध आहे. खव्याचे सारण भरलेली, तळून पाकात मुरविलेली ही अर्धचंद्राकृती मिठाई पाहून मराठी माणसाला करंजीची आठवण होते. येथून सुमारे १२ किलोमीटरवर असलेल्या तिरुवैयारू या त्यागराजांच्या गावी मूगडाळीचा 'अशोका' हलवा मिळतो. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास तेथे त्यागराज आराधना होते, तेव्हा गायन ऐकून परतणाऱ्यांच्या हातात या हलव्याची पुडी असतेच.

कॉफीबद्दल वेगळे सांगावयास नको. पितळी डबरा आणि पेल्यातून येणारी 'कुंभकोणम डिग्री कॉफी' या जिल्ह्याचा अभिमान आहे. दुधाची शुद्धता मापकाने मोजली जाई, त्यावरून 'डिग्री' हा शब्द आला असे सांगितले जाते.

घर आणि ग्रंथ

तंजावरी मराठी स्वयंपाकाचे खरे ठिकाण घर हेच आहे. जी कुटुंबे आजही घरात तंजावरी मराठी बोलतात, त्यांच्याकडे सणावारी हे पदार्थ होतात आणि त्यांची मापे बहुधा कोणी लिहून ठेवलेली नसतात. मूठ, चिमूट आणि अंदाज ही त्यांची परिमाणे. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीबरोबर ती नाहीशी होतात. नवी पिढी चेन्नई-बेंगळुरूत लहानाची मोठी झाली असून, अनेक घरांत मराठी ऐकू येते पण वाचता येत नाही. म्हणून अशा घरातून जेवणाचे निमंत्रण आलेच, तर ते नाकारू नये, आणि जेवून उठण्यापूर्वी किमान एका पदार्थाची कृती, करणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीने, वहीत उतरवून घ्यावी. निमंत्रण नसताना कोणाच्या दारात जाऊन 'मराठी जेवण' मागणे मात्र शिष्टाचाराला धरून होणार नाही.

ज्यांना एवढा परिचय नाही, त्यांच्यासाठी सरस्वती महालाचा मार्ग आहे. १९१८ साली सार्वजनिक झालेल्या या ग्रंथालयात तीन हजारांच्या घरात मराठी हस्तलिखिते आहेत. सामान्य प्रवाशाला हस्तलिखिते हाताळता येत नाहीत, पण राजवाड्याच्या आवारात ग्रंथालयाच्या प्रकाशनांची विक्री होते. 'सरभेंद्र पाकशास्त्रा'ची प्रत उपलब्ध असेल, तर अवश्य घ्यावी. तमिळ वाचता येत नसल्यास एखाद्या परिचिताकडून वाचून घेता येते. एक गोष्ट ध्यानात ठेवावी की हा राजवाड्याचा ग्रंथ आहे. घरगुती डांगराची किंवा रोजच्या आमटीची नोंद करण्याची गरज राजवाड्याला भासण्याचे कारण नव्हते.

घरी परतल्यावर करून पाहण्यास डांगर पच्चडी सर्वांत सोपी आहे. पाव वाटी उडदाची डाळ मंद आचेवर खमंग, गुलाबी रंगावर भाजून बारीक दळावी. एक वाटी घुसळलेल्या, फार आंबट नसलेल्या दह्यात हे पीठ गुठळी न होऊ देता कालवावे. मीठ आणि चिमूटभर हिंग घालावा. तेलात मोहरी, हिरवी मिरची आणि कढीलिंब यांची फोडणी करून वर ओतावी व कोथिंबीर घालावी. पच्चडी थोड्या वेळाने घट्ट होते, म्हणून आरंभी किंचित सैल ठेवावी. तंजावरकडे ती आंबट कुळंबु-भाताबरोबर घेतात.

जेवणाच्या शेवटी विडा घ्यावयाचा असल्यास कुंभकोणमचे पान मागावे. कोवळे, पातळ आणि कमी तिखट असे हे पान असते. त्याला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जुन्या बस स्थानकाजवळच्या पानपट्ट्यांवर ते सकाळी ताजे येते.